पहिल्या बेस गिटारसाठी परवडणाऱ्या तारा: एका प्रकरणाचा अभ्यास

चार तारांचा (बारीक ते जाड: जी, डी, ए, ई), ३४ इंच स्केलचा म्हणजे तारेच्या कंपणाऱ्या लांबीचा, सुरुवातीच्या श्रेणीतला एक बेस. आधीच्या मालकाकडे दीड वर्ष पिशवीत पडून होता, आता चार महिन्यांपासून एका विद्यार्थिनीच्या हातात आहे. रोज पाऊण तास सराव. तिच्या तक्रारी तीन: खर्जाची ई तार वाजत नाही, नुसती ‘धप्’ करते, खालचे सूर जुळले तरी बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे सगळं बेसूर होतं, आणि डाव्या हाताची बोटं अर्ध्या तासात दुखायला लागतात. पैसे एका साध्या संचापुरतेच. उपायही तिनं स्वतःच शोधून ठेवला होता: मिळेल तेवढा बारीक आणि मिळेल तेवढा स्वस्त, म्हणजे ४०–९५ गेजचा (तारांच्या जाडीचा) एक बिननावाचा संच.

तो संच घेतला नाही. का नाही, त्याऐवजी काय घेतलं आणि बसवताना काय बिघडलं, ते पुढे क्रमानं.

दोष तारांचाच आहे का

तारा बदलून झिजलेले फ्रेट भरून येत नाहीत आणि वाकलेली नेक (मान) सरळ होत नाही. त्यामुळे खरेदीआधी तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या तपासल्या.

ई तारेच्या खालच्या बाजूनं नख फिरवलं तर पहिल्या पाच फ्रेटांच्या बरोबर वर खाचा लागत होत्या. गाभ्याभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यांच्या फटींत काळपट थर होता. घाम, त्वचेचे कण आणि धूळ यांचा हा थर तारेतले वरचे स्वरांश आधी मारतो. मूळ सूर राहतो, पण त्याला धार देणारं जे वर असतं ते जातं, म्हणून ‘धप्’. हा दोष तारेचाच.

दुसरी तपासणी ट्यूनर लावून केली. प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शानं काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर यांची तुलना केली. जी तार १५ सेंट चढी निघाली, ई तार जवळपास २० सेंट उतरलेली, मधल्या दोन थोड्याफार इकडेतिकडे (अर्ध्या सुराचे १०० सेंट). सगळ्या तारा एकाच दिशेला चुकल्या असत्या तर आधी सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) जागेकडे किंवा अ‍ॅक्शनकडे (फ्रेटवरून तारेच्या उंचीकडे) बोट दाखवलं असतं. अशी विस्कळीत चूक दिसली की संशय तारांवर घ्यायचा. तारेचं वजन सगळ्या लांबीभर सारखं असेल तरच ती सुरात कंपते. कुठे मळ जास्त, कुठे खाच, अशा तारेला सॅडल कुठेही सरकवलं तरी उघडा सूर आणि दाबलेला सूर दोन्ही एकदम जुळत नाहीत. म्हणून जुन्या तारांवर इंटोनेशन लावत (सॅडल सरकवून सूर जुळवत) बसणं हा वाया जाणारा वेळ आहे.

तिसऱ्या तक्रारीत मात्र तारा निम्म्याच दोषी निघाल्या. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली: ई खाली ३.५ मिलिमीटर, जी खाली ३. एवढ्या उंच अ‍ॅक्शनवर कुठलीही तार बोटाला जड जाणारच. पट्टीनं मोजून २.५ आणि २ च्या आसपास आणली तरी नवशिक्याला पुरेसं मोकळं वाटतं आणि खरखरही येत नाही. म्हणजे बारीक तारांसाठी तिनं दिलेलं मुख्य कारण तारा न बदलताही बरंचसं निकालात निघत होतं.

जुन्या तारांची जाडी डिजिटल कॅलिपरनं मोजली तर ५०–७०–८५–१०५ भरली. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात: ५० म्हणजे १.२७ मिलिमीटर, १०५ म्हणजे २.६७. कॅलिपर नसेल तर किमान जी आणि ई तरी कोणाकडून मोजून घ्याव्यात. आधी काय चढवलेलं होतं हे माहीत नसेल, तर नवा संच नेकवर काय परिणाम करणार याचा अंदाजच बांधता येत नाही.

गेजचा हिशेब

लांबी तीच आणि सूर तोच ठेवला तर तारेवरचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात बदलतो, आणि वजन साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. एवढं धरलं तर संच न घेताही तुलना करता येते.

५० च्या जागी ४० ची जी तार लावली तर ४० भागिले ५० चा वर्ग, म्हणजे ०.६४. ताण तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरला. १०५ च्या जागी ९५ ची ई तार: ०.८२. बोटाला हे पहिल्या दिवशी सुखाचं वाटतं. पण नवशिक्याचा उजवा हात जड असतो, आणि ढिली ई तार जोरानं छेडली की ती फ्रेटांवर आपटते आणि छेडल्या क्षणी सूर वर उडून मग खाली बसतो. ट्यूनरचा काटा नाचताना दिसतो आणि विद्यार्थी स्वतःच्या कानाला दोष देतो. हात हलका झालेल्या वादकासाठी ४०–९५ उत्तम आहे. इथे नव्हता.

४५–६५–८०–१०० चा हिशेब असा: जीचा ताण जुन्याच्या ०.८१, डीचा ०.८६, एचा ०.८९, ईचा ०.९१. सगळ्या मिळून सुमारे १४ टक्के ताण कमी. बोटाला फरक जाणवतो, ई ढिली पडत नाही. ३४ इंचांच्या बेसवर चार तारांचा एकूण ताण ७० ते ८५ किलोंच्या आसपास असतो, तेव्हा १४ टक्के म्हणजे नेकवरून दहाएक किलो उतरवल्यासारखं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानंच खोडी काढली.

एक पर्याय ४५–१०५ चाही होता. त्यात ई तार जुन्याइतकीच राहते. खर्ज भरीव हवा असेल किंवा पुढे ई उतरवून डीला लावायची असेल तर तो संच घ्यावा. दोन्हींची किंमत बहुतेक कंपन्यांकडे सारखीच असते, त्यामुळे हा पैशांचा प्रश्न नाही.

छोट्या, ३० इंच स्केलच्या बेसवर हे गणित बदलतं. तीच तार त्याच सुराला लावली तर ३० भागिले ३४ चा वर्ग, म्हणजे ताण ०.७८. तिथे बारीक संच घेणं म्हणजे ढिलेपणावर ढिलेपणा. पाच तारांच्या बेसला बी तार १२५ किंवा १३० ची लागते आणि संच अर्थातच महाग पडतो.

धातू आणि वेटोळं

परवडणाऱ्या टप्प्यात निवड खरं तर तिघांत असते. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या राउंडवाउंड (गोल तारेच्या वेटोळ्याच्या) तारा, स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड आणि फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीच्या वेटोळ्याच्या).

स्टेनलेस स्टील जास्त खणखणीत वाजतं, पण बोटाला खरखरीत लागतं, बोट सरकवताना जास्त किरकिरतं आणि फ्रेटही लवकर खातं. बोटं दुखतात अशी तक्रार असताना ते नको.

फ्लॅटवाउंडचा विचार मात्र गांभीर्यानं व्हायला हवा होता, आणि झाला. १९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हा त्याच्यावर फ्लॅटवाउंडच असत. राउंडवाउंडचा बोलबाला १९६० च्या दशकात रोटोसाउंडच्या तारांनंतर झाला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड तारा तुटेपर्यंत बदलत नसे, हे सर्वश्रुत आहे. सपाट पट्टीचं वेटोळं असल्यानं मळ साचायला फटीच नसतात, आणि मुळातच आवाज गडद असल्यानं ‘मेल्या’ तरी फारसं कळत नाही.

साध्या निकेल संचाची किंमत १ धरली तर कोटेड (संरक्षक थर दिलेला) संच ढोबळमानानं दुपटीच्या आसपास आणि फ्लॅटवाउंड दीडपट ते अडीचपट पडतो. रोज पाऊण तास वाजवणाऱ्याचा साधा निकेल संच पाचएक महिने बरा चालतो, कोटेड दहा-बारा महिने, फ्लॅटवाउंड तीन वर्षं सहज. महिन्याच्या हिशेबानं निकेल आणि कोटेड जवळपास बरोबरीत सुटतात, आणि फ्लॅटवाउंड दोघांच्या निम्म्याहूनही स्वस्त. मग तोच का घेतला नाही? कारण पहिला संच कापण्यात चूक होण्याची शक्यता मोठी असते, आणि चुकायचंच तर १ च्या संचावर चुकलेलं बरं. शिवाय त्याच गेजच्या फ्लॅटवाउंड बहुधा राउंडवाउंडपेक्षा ताठ असतात. ताठ नसलेल्याही मिळतात, थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या आहेत, पण त्या या खिशाच्या बाहेर. तिचा दुसरा किंवा तिसरा संच फ्लॅटवाउंड असायला हरकत नाही.

कोटेड तारांबद्दल एवढंच: ज्यांचा घाम तारा पंधरा दिवसांत काळ्या करतो त्यांना त्या खरंच परवडतात. इतरांनी निव्वळ ‘जास्त टिकते’ एवढ्यावर दुप्पट पैसे घालू नयेत.

पाकिटावर काय वाचायचं

निकेल, राउंडवाउंड, ४५–१०० हे ठरलं. या वर्णनात बसणारे नावाजलेले संच बरेच आहेत: डी’अ‍ॅडारिओचा ईएक्सएल १७०, अर्नी बॉलचा सुपर स्लिंकी बेस, आणि इतरांचेही. यांच्यात डोळे झाकून ओळखता येईल असा फरक नवशिक्याला मिळत नाही. जो स्वस्तात आणि खात्रीच्या विक्रेत्याकडे मिळेल तो घ्यावा. बिननावाच्या संचात भीती आवाजाची नसते. तारेची जाडी आणि वेटोळ्याची घट्ट बांधणी लांबीभर सारखी असेल याची हमी नसते, आणि तशी तार नवी असतानाच बाराव्या फ्रेटवर बेसूर निघाली तर पैसे गेले. नावाजलेल्या कंपन्यांची नकली पाकिटंही फिरतात, तेव्हा भाव संशयास्पद कमी दिसला तर हात आवरावा.

गेजपेक्षा जास्त घोटाळा होतो तो लांबीत. ‘३४ इंच स्केल’ म्हणजे नट (खुंट्यांकडची, तारा टेकते ती पट्टी) ते सॅडल. तारेला त्याहून जास्त जावं लागतं: तिचा बॉल ब्रिजच्या मागच्या कडेला अडकतो. या बेसवर बॉलपासून नटपर्यंतचं अंतर ३५.५ इंच भरलं. तारेच्या टोकाला रेशमी धागा गुंडाळलेला भाग असतो, तिथून ती बारीक होते. हा भाग नटच्या पलीकडेच सुरू व्हायला हवा, आणि शक्यतो खुंटीला पोचण्याआधी. लाँग स्केलच्या तारांचा जाड भाग साधारण ३६ इंचांचा असतो, म्हणजे ब्रिजमागून ओवल्यावर अगदी बेताची बसणी.

या बेसला तारा शरीरातून मागून ओवायची सोयही होती. तसं केलं तर अंतर ३७ इंचांवर जात होतं आणि ई तारेचा धागा नटच्या अलीकडे फ्रेटबोर्डवर आला असता. मागून ओवल्यानं सूर जास्त टिकतो असं म्हणतात. ऐकू येण्याजोगा फरक असलाच तर फार थोडा. त्यासाठी जास्त लांबीचा, म्हणजे सुपर लाँग संच शोधण्यात अर्थ नव्हता. उलटी चूकही होते: लाँग स्केलची तार छोट्या बेसवर लावली तर जाड भागच खुंटीवर गुंडाळावा लागतो, तो खाचेत मावत नाही आणि फ्लॅटवाउंड असेल तर तिथेच तुटू शकते.

बसवणं, आणि ई तारेचं काय झालं

तारा एकेक करून बदलल्या तर नेकवरचा ताण फारसा हलत नाही, पण फ्रेटबोर्ड नीट पुसायचा तर सगळ्या उतरवाव्या लागतात. थोड्या वेळासाठी उतरवल्यानं नेकला काही होत नाही. आधी खुंट्या फिरवून पूर्ण ढिल्या करायच्या; ताणलेली तार कापणं म्हणजे डोळ्याशी खेळ.

बेसच्या खुंटीला मधोमध भोक आणि आरपार खाच असते. तार ब्रिजमधून ओवून सरळ ताणून धरायची, तिच्या खुंटीपासून पुढे ११–१२ सेंटिमीटर मोजायचं आणि तिथे पक्कडीनं काटकोनात मोडायचं. मोडल्यानंतरच, मोडीच्या पलीकडे कापायचं. आधी कापलं आणि मग मोडलं तर बाहेरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होऊ शकतं, विशेषतः गाभा गोल असेल तर, आणि तार जन्मतःच मुकी होते. टोक भोकात दीडेक सेंटिमीटर जातं. उरलेल्या दहांत अडीच फेरे होतात, कारण खुंटीचा घेर चारएक सेंटिमीटर असतो. फेरे वरून खाली यायला हवेत, म्हणजे तार नटवर खाली दाबली जाते. जी आणि डीच्या खुंट्या नटपासून लांब असतात. तिथे एखादा फेरा जास्त झाला तर चांगलंच.

विद्यार्थिनीनं जी, डी आणि ए नीट बसवल्या. ई बसवताना टोक हातात घट्ट धरून तिनं तार खाचेत वळवून बसवली आणि खुंटी फिरवली. सुराला लावल्यावर नवी कोरी ई जुनीइतकीच ठोकळ वाजली. पहिला निष्कर्ष ‘तार खराब निघाली’ असा झाला आणि दुसरी मागवायची तयारीही. पण बॉलजवळ पाहिलं तर त्याच्या वरचं वेटोळं किंचित तिरपं बसलेलं दिसत होतं. तार स्वतःभोवती पिळली गेली होती. पीळ पडलेली जाड तार मोकळी कंपत नाही, आणि खर्जाच्या तारेत हे सर्वात जास्त कळतं.

उपाय बिनखर्चाचा: खुंटी ढिली करून टोक बाहेर काढलं, बेस उभा धरून तार ब्रिजपासून मोकळी लोंबू दिली. ती आपोआप अर्ध्या फेऱ्याहून जास्त उलटी फिरली. मग तशीच, न वळवता टोक भोकात घातलं आणि सुराला आणली. जाड तार सॅडलवरून एकदम वळत नाही, कमान करून जाते. म्हणून सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे अंगठ्यानं हलकेच दाबून तिला बसवलं. बोटानं हळूच. जोरानं दाबलं तर तिथे कायमचा बाक पडतो. एवढ्यावर ई घुमायला लागली.

बारीक संचानं उठवलेली खरखर

दुसऱ्या दिवशी नवी तक्रार: पहिल्या चार फ्रेटांवर ए आणि ई खरखरतात. काल नव्हतं. इथे तो दहाएक किलोंचा फरक बोलला. नेकमध्ये एका बाजूला तारा ओढतात, दुसऱ्या बाजूला ट्रस रॉड (नेकच्या आतली, घट्ट-सैल करता येणारी सळई). तारांची ओढ कमी झाली, रॉड तसाच राहिला, नेक जास्त सरळ झाली.

पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट मोजायची. जुन्या तारांवर ती ०.४ मिलिमीटर होती, आता जेमतेम ०.१. हवी असते ०.३ च्या आसपास. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर छपाईचा ८० ग्रॅमचा साधा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तीन कागदांची चवड आत जेमतेम सरकली की झालं.

रॉड घड्याळाच्या काट्यांच्या उलट पाव फेरा सोडला, तारा पुन्हा सुराला लावल्या, काही तास तसाच ठेवला. फट ०.२५ वर आली, खरखर गेली. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नये आणि किल्ली त्याच मापाची हवी. जवळपासच्या मापाची किल्ली रेटून घातली आणि रॉडच्या टोकाच्या नटचं तोंड गोल झालं, तर दुरुस्तीच्या खर्चात तारांचे कित्येक संच येतील. रॉड फिरतच नसेल तर थांबावं आणि कारागिराकडे न्यावं.

त्यानंतर सॅडलचे स्क्रू फिरवून अ‍ॅक्शन उतरवली: ई २.५, जी २. हा क्रम उलटवू नये, कारण नेकचा बाक बदलला की उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन. शेवटी बाराव्या फ्रेटची तीच तपासणी. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल नटपासून लांब न्यायचं, उतरलेला असेल तर नटकडे. सॅडल हलवताना तार थोडी ढिली करावी. चारही तारा ३ सेंटच्या आत आल्या. नवशिक्याच्या बोटाच्या दाबानंच याहून जास्त फरक पडतो. पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग) जीच्या बाजूनं जरा वर घेतला, कारण ती तार बरीच बारीक झाली होती.

पुढची निगा

वाजवण्याआधी हात धुणं आणि झाल्यावर कोरड्या सुती कापडानं तार वरून आणि खालून पुसणं, यानं संचाचं आयुष्य जेवढं वाढतं तेवढं कुठल्याही फवाऱ्यानं वाढत नाही. मळ खालच्या बाजूलाच साचतो, तेव्हा कापड तारेखालून घालून ओढायचं.

तारा उकळण्याचा जुना उपाय चालतो, पण चमक थोडेच दिवस टिकते आणि गाभ्यात पाणी राहून गंज धरतो. त्यापेक्षा ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवलेल्या तारा बऱ्या निघतात: झाकणबंद भांडं, ज्योतीपासून लांब, रेशमी टोक बाहेर, आणि नंतर टांगून पूर्ण सुकवायच्या. हे राउंडवाउंडसाठी. एकाच संचावर दोन-तीनदाच, कारण खुंटीवरच्या त्याच मोडी पुन्हा पुन्हा सरळ केल्या की तार तिथे तुटते. खाचा पडलेल्या तारेला धुऊन आवाज येतो, सूर येत नाही.

जुन्या संचातल्या डी आणि जी पुसून, गुंडाळून, गेज लिहून पाकिटात ठेवल्या. नवीपैकी एखादी अवेळी तुटली तर नवी सुटी तार मिळेपर्यंत त्यांच्यावर काम भागेल. ए आणि ई टाकून दिल्या.